बिबिंकात वेलची

"कोणी घातली? मला नाव पाहिजे. आत्ता."

आते लूझ ओरडत होती. आते ओरडली की दुबईत अल कुसैसच्या आमच्या गल्लीत उभ्या असलेल्या गाड्यांचे अलार्म वाजायचे. खोटं वाटत असेल तर शेजारच्या टायरवाल्या पठाणाला विचारा. एकदा तिच्या आवाजाने त्याच्या टायरची हवा गेली होती, असं तो अजून सांगतो. पाच फूटही उंची नाही, डोक्याला जाळीची टोपी, हातात लाकडी उलथनं. समोर टेबलावर केळीच्या पानांतल्या बारा गरमागरम बिबिंका, आणि त्यांतून येणारा घमघमाट वेलचीचा.

किचनमध्ये आम्ही चौघं होतो. आते, तिच्या हाताखालच्या दोन फिलिपिनो पोरी आणि मी. पोरी रडायच्या बेतात होत्या. मी सिंककडे तोंड करून एक पातेलं घासत होतो. ते मी आधीच दोनदा घासलं होतं.

"बशीर, तुला वास येत नाही?"

एरवी ती मला कुया बशीर म्हणायची. कुया म्हणजे दादा, जसं आते म्हणजे ताई. कुया गळाला की समजायचं, हवामान बिघडलं.

"सर्दी झालीय," मी म्हणालो.

तेवढ्यात दार ढकलून मालकांचा मुलगा अनिकेत आत आला. "मॅडम आल्यात. यल्ला, यल्ला." आतेने थांब म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्याने एक बिबिंका पानासकट बशीत घेतली आणि तो बाहेर गेलासुद्धा.

आता ती बशी कोणासमोर गेली आणि तिच्यामुळे काय बुडायची वेळ आली, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. जाऊ या. बशी कुठे पळून जात नाही.

या अंकाच्या संपादकांनी मला सांगितलं, आखातातल्या तुमच्या नोकरीविषयी लिहा. त्यांच्या डोळ्यांसमोर तेलाच्या विहिरी असणार. साहेब, मी सव्वीस वर्षं फिलिपिनो लोकांचा खाऊ केला. दापोली तालुक्यातला कोकणी मुसलमान, सांगलीच्या मालकाच्या किचनमध्ये, मनिलाच्या बाईच्या हाताखाली, नाताळची पक्वान्नं करायचा, आणि आज ते दिवाळी अंकात लिहितोय. माझ्या मेहुण्याने एकदा भर लग्नात विचारलं, दुबईला जाऊन परक्यांचे लाडू वळता, लाज नाही वाटत? नाही वाटत. तो स्वतः पाच वर्षं एका ऑफिसात फाइली इकडून तिकडे नेत होता, आणि त्यातली एकही फाइल कोणी दुसऱ्यांदा मागितली नाही. माझी तुरोन लोकांनी दहादहांदा मागितली.

तुरोन म्हणजे केळं आणि फणसाचा गरा पातळ पापुद्र्यात गुंडाळून साखरेत तळतात ते. मला नोकरी लागली ती त्या फणसामुळेच. मी तिथे भांडी घासायला गेलो होतो. पहिल्याच दिवशी अख्खा फणस आला आणि सगळे त्याच्याभोवती बॉम्ब सापडल्यासारखे उभे. एकाने सुरी घातली, ती चिकात रुतून बसली. मी पुढे झालो, हाताला आणि सुरीला खोबरेल चोळलं, मधली पाव, म्हणजे दांडा, काढली, आणि दहा मिनिटांत गरे एकीकडे, आठळ्या एकीकडे. आठळ्या फेकू दिल्या नाहीत, मीठ घालून उकडल्या आणि सगळ्यांना वाटल्या. आतेने एक खाल्ली, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि भांड्यांच्या सिंकवर दुसरा माणूस ठेवायला सांगितला.

तेव्हा मला कळलं की हे लोक आपलेच आहेत, फक्त बोटीने पलीकडच्या बाजूला उतरले. तांदूळ, नारळ, गूळ, केळीचं पान. पुतो म्हणजे वाफवलेली तांदळाची गोडसर वडी. आमच्या सांदणाची चुलत बहीण म्हणा. मल्याळी गिऱ्हाईक तिला इडली समजायचे. एकाने सांबार नाही म्हणून मॅनेजरला बोलावलं होतं. सुमान म्हणजे पानात बांधून शिजवलेला चिकट भात. कुचिंता ही तपकिरी, लवलवीत वडी. तिच्यात आपल्या चुन्याच्या निवळीसारखं क्षाराचं पाणी पडतं, थेंब मोजून. एकदा माझा हात सुटला. ती कुचिंता इतकी रबरी झाली की आतेने रागाने भिंतीवर मारली तर परत आली. दुसऱ्यांदा मारली, परत आली. शेवटी पठाणाची पोरं त्या घाण्यातल्या वड्यांनी क्रिकेट खेळली आणि त्यातले दोन चेंडू शारजाच्या हद्दीत गेले.

हे सगळं मी शिकलो. शिकलो नाही ती एकच गोष्ट. त्यांच्या गोडात वेलची पडत नाही. कधीच नाही. त्यांना तो वास औषधाचा वाटतो, आते तर म्हणायची अगरबत्तीचा. आणि कोकणी माणसाला नारळाचं दूध आणि गोड तांदूळ एका भांड्यात दिसले की त्याचा हात वेलचीच्या डबीकडे जातो. त्याला डोकं लागत नाही. पापणी लवते तसं ते होतं. म्हणून आतेने पहिल्याच वर्षी नियम केला होता, वेलचीची डबी किचनमध्ये दिसता कामा नये. मी ती चहाच्या कपाटात, साखरेच्या मागे ठेवायचो. चहा माझा होता. त्यावर तिचा हुकूम चालत नव्हता, असं माझं म्हणणं.

आता बिबिंका. गोव्याच्या थरांच्या बेबिंकाशी नाव जुळतं, पण दोघींची सोयरीक नाही. तांदूळ रात्रभर भिजवून वाटायचे, त्यात नारळाचं दूध, अंडी, साखर, थोडा सोडा. मातीच्या उथळ मडक्यात केळीचं पान, पानात पीठ, वर खारवलेल्या अंड्याची चकती. खाली निखारे, वर निखारे. वरचा विस्तव चुकला की बिबिंका आजाऱ्यासारखी पांढरी राहते. दुबईत किचनमध्ये कोळसा कोण पेटवू देतो? म्हणून मी लोखंडी तवे गॅसवर लाल करून मडक्यांच्या झाकणांवर ठेवायचो. माझी आई रव्याचा केक असाच करायची, पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवून. आतेला मी हे दाखवलं त्या दिवसापासून तवे माझे आणि पीठ तिचं. ही वाटणी वीस वर्षं चालली.

नाताळाच्या आधी नऊ दिवस फिलिपिनो लोक रोज चर्चमध्ये जातात. त्यांच्या गावी पहाटे, इथे ड्युट्या सांभाळून संध्याकाळी. प्रार्थना सुटली की दाराबाहेर बिबिंका पाहिजे म्हणजे पाहिजे. ते नऊ दिवस आम्ही माणसं नसायचो, यंत्रं असायचो. आणि नेमकं यंत्रच आडवं आलं.

मालक शिर्केसाहेब जुने. आतेपुढे तेसुद्धा हळू बोलायचे. त्यांचा गुडघा बदलायचा ठरला आणि धंद्यात अनिकेत आला. पोरगा वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. मला बशीरचाचा म्हणायचा, ईदला सगळ्यांआधी घरी यायचा. पण इथेच जन्मला, इथेच शिकला, बाप मराठीत बोलला की हा इंग्रजीत उत्तर द्यायचा. त्याने एक यंत्र आणलं. एका तोंडातून तयार पिठाची पावडर आणि पाणी आत, दुसऱ्या तोंडातून बिबिंका बाहेर. सगळ्या एका मापाच्या, एका रंगाच्या, जणू पासपोर्टचे फोटो.

"पपा, हाताचं काम स्केल होत नाही," तो म्हणाला. "आते इज लाइक फॅमिली, बट..."

त्या 'बट'च्या पुढे आतेचा व्हिसा होता. तो सहा आठवड्यांनी संपत होता आणि नूतनीकरणाचा कागद अनिकेतच्या टेबलावर सहीशिवाय पडला होता. आते एकोणसाठ वर्षांची. मनिलाकडे एक नातू, त्याचं शिक्षण तिच्यावर. हात-विभाग बंद झाला तर ती विमानात, एवढं सोपं गणित होतं. तिला पावडर ढवळायचं काम देऊ केलं होतं. ती म्हणाली, पावडर ढवळायला माणूस कशाला, पंखा लावा.

शिर्केसाहेबांनी हॉस्पिटलच्या पलंगावरून एक तोड काढली. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे अबुधाबीच्या नेनिता मॅडम. अल रीम आयलंडवर राहणारी, तीस वर्षं नर्स. तिथल्या सगळ्या फिलिपिनो नर्सांच्या वतीने नऊही दिवसांची ऑर्डर तीच द्यायची. साहेब म्हणाले, तिला बोलावून दोन्ही खायला घाला. ती जे निवडेल ते राहील.

अनिकेतने लगेच कबूल केलं. आतेने तर त्या दिवसासाठी नवीन मडकी काढली.

आणि त्या दिवशी सकाळी मी चहा करत होतो. ओट्यावर डावीकडे माझा चहा, उजवीकडे गोड केलेलं नारळाचं दूध, हातात कुटलेली वेलची. तोंडाने मी पोरींना सांगत होतो की आज आपण त्या यंत्राला अरबी समुद्रात बुडवणार. हात आपलं काम करून मोकळा झाला. नंतर चहा प्यायलो, तेव्हा वाटलं, आज वेलची कमी पडली की काय.

तर ती बशी.

आते बाहेर धावली, मागून आम्ही. नेनिता मॅडम टेबलाशी बसल्या होत्या. ड्युटी संपवून तशाच गाडी हाकत आलेल्या, अंगावर अजून हॉस्पिटलचे कपडे. त्यांच्यासमोर यंत्राच्या बिबिंकाची बशी होती. रिकामी. एक कण शिल्लक नाही. अनिकेतचा चेहरा असा उजळला होता की टेबलावरचा दिवा बंद केला तरी चाललं असतं.

"अँड धिस इज आतेज," म्हणत त्याने आमची बशी सरकवली.

मॅडमनी एक घास घेतला. चावला. थांबला तो घास तोंडातच. मग त्यांनी तो गिळला, कारण बाई सभ्य होत्या.

"लूझ, यात काय आहे?"

"वेलची," आते म्हणाली.

"कोणी घातली?"

आतेने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी."

अनिकेत चमकला. वीस वर्षांत तिने चिमूटभर काही वेगळं घातलं नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

इथे मी स्वतःला वाघ करून लिहू शकतो. बाकी सगळीकडे करतोच. पण गप्प बसलो मी. तिच्या व्हिसाचे सहा आठवडे उरले होते, माझ्याकडे दोन वर्षं होती, आणि गप्प मी बसलो. तिला किचनमध्येच कळलं होतं, कुणाचा हात तो. ओरडून नाव मागत होती ते कळावं म्हणून नाही, मी स्वतः सांगावं म्हणून. हे माझ्या टाळक्यात बाहेर आल्यावर शिरलं.

मॅडमनी पुन्हा विचारलं, "कधीपासून घालतेस?"

"आजपासून."

"खोटं बोलतेय ती," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण कोणीतरी उसना नेल्यासारखा. "मी घातली. चहाची. तिचं पीठ चांगलं आहे मॅडम. दूध मी नासवलं."

"बशीर," आते म्हणाली, "माझ्या किचनमधून जे बाहेर येतं ते मी घातलेलं असतं. तू गप्प."

"गप्प बसायचं ते बसून झालं," मी म्हणालो, आणि अनिकेतकडे वळलो. "बाबा, हिला पाठवणार असशील तर माझंही तिकीट काढ. तवे लाल कोण करतं ते बघू या मग."

अनिकेतने हात वर केले. "चाचा, कोणी कोणाला पाठवत नाहीये. टेस्ट झाली. इट्स ओव्हर, खलास."

"खलास कशाने?" आते म्हणाली. तिने मॅडमच्या समोरची बशी उचलली. "वाटलेलं पीठ अर्धी बादली आहे. दूधच बिघडलंय. पाऊण तास थांबशील, नेनिता?"

"आते, रूल्स होते," अनिकेत म्हणाला. "वन ट्राय ईच. आणि मॅडमना परत अबुधाबीला जायचंय."

आतेने त्याला तिच्या भाषेत दोन वाक्यं सांगितली. मॅडमनी तोंडावर हात धरला. मी अर्थ विचारला नाही, पण त्यात त्याच्या यंत्राचा आणि गाढवाचा काहीतरी संबंध होता, एवढं मी सव्वीस वर्षांच्या अनुभवावर सांगू शकतो.

"मी बसते," मॅडम म्हणाल्या, आणि खुर्ची उचलून थेट किचनच्या दारात ठेवली.

मग पुढचा पाऊण तास. मी नारळ खवला तो असा की खोबरं जमिनीवर पडायच्या आत पोरी त्याचं दूध काढत होत्या. सहा तवे पेटवले. पठाण धूर बघून बादली घेऊन आला, त्याला केळीची पानं शेकायला बसवला. आते पीठ फेटत होती आणि दर दोन मिनिटांनी म्हणत होती, "बशीर, हात." मी दोन्ही हात वर करून दाखवायचो. पोलिसांनी पकडल्यासारखा. चहाच्या कपाटातली डबी तिने आधीच मागच्या दाराने बाहेर भिरकावली होती. तिथून चार दिवस पार्किंगमध्ये दर्ग्यात उरूस भरल्यासारखा सुगंध येत होता.

झाकण उचललं. वरचा रंग आला होता, कडा करपट, मधे फुगून भेगाळलेली, पानाचा शेकलेला वास. आतेने वर लोणी फासलं, ओलं खोबरं पसरलं आणि मडक्यासकट मॅडमच्या मांडीवरच्या टॉवेलवर ठेवली. बशीबिशी काही नाही.

मॅडमना रडू आलं, असं मी गेली तीन वर्षं सगळ्यांना सांगतोय. दापोलीत तर सांगताना मी त्यांना हुंदके फोडायला लावतो. आज लिहून देतोय तर खरं देतो. रडल्या नाहीत. टिश्यू मागितला, तो लोणी मनगटावर ओघळलं म्हणून. अर्धी बिबिंका खाल्ली. उरलेली अर्धी पानात घट्ट गुंडाळली, पर्समध्ये ठेवली, आणि त्याच पर्समधून डायरी काढली.

"नऊ दिवस," त्या म्हणाल्या. "रोज ऐंशी. मडक्यातल्या. आणि लूझ, त्याला बाहेर ठेव."

त्याला म्हणजे मला.

आतेने मला त्या नऊ दिवसांत तव्यांपलीकडे येऊ दिलं नाही. जमिनीवर चिकटपट्टीची रेघ मारली होती, भारत-पाकिस्तानसारखी. चहा मी बाहेर पठाणाकडे पीत होतो, बिनवेलचीचा, शिक्षा म्हणून. बाराव्या दिवशी तिने मला पुन्हा कुया म्हटलं, तेही "कुया, रेघ पुसून काढ," एवढ्यापुरतं. मी रेघ पुसली. तिने "मी घातली" म्हटलं होतं त्याबद्दल आभार मानायचे राहिले ते राहिलेच. एकदा सुरुवात केली होती, तर तिने नारळाची पाटी पुढे ढकलली.

व्हिसावर सही झाली. दोन वर्षांची, मग पुन्हा दोन. नातू कॉलेजात गेला. मी यंदा परत आलोय, गुडघे आता माझे गेले. तवे एका नेपाळी गड्याला शिकवून आलो, तो बरा करतो, माझ्याएवढा नाही. यंत्र आहे. त्यात मफिन होतात आणि चांगले होतात, यंत्राचा काही दोष नव्हता. जे म्हणतात हाताचं सगळं संपलं, त्यांनी डिसेंबरात अल कुसैसला जाऊन रांगेत उभं राहावं. तिथे माझं नाव सांगू नका, सांगितलंत तर आते तुमच्या खिशात वेलची शोधेल.

अनिकेतलाही मी सोडणार नाही, कारण हार त्याने सभ्यपणे घेतली, पण हिशेब त्याच्या डोक्यात बसत नव्हता. त्या दिवशी संध्याकाळी मॅडम गाडीत बसल्या, तर हा खिडकीशी वाकून उभा. मी मागे केळीच्या पानांचा कचरा टाकायला आलो होतो, म्हणून कानांनी ऐकलं.

"मॅडम, जस्ट फॉर माय लर्निंग," तो म्हणाला. "आतेची तुम्ही अर्धीच खाल्लीत. माझी तर पूर्ण संपवलीत. एक कण ठेवला नाहीत."

मॅडमनी पट्टा लावला, आरसा नीट केला.

"भूक लागली होती," त्या म्हणाल्या.